आठ नंबरचे बूट

माझे मामा कटिंग मास्तर होते. पुरुषांचे सूट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानात त्यांनी चव्वेचाळीस वर्षं कापड कापलं, आणि ते सगळं उभ्याने. कापायचं टेबल कमरेच्याही वर येणारं. बसून कात्री चालवली की रेघ दारू प्यायल्यासारखी जाते, असं ते म्हणायचे. सकाळी दहाला उभे राहिले की डबा खाण्यापुरते टेकायचे आणि मग संध्याकाळी आठपर्यंत त्या टेबलाभोवती फेऱ्या. दुकानात त्यांना सगळे ‘अर्धा इंच मास्तर’ म्हणत. एखादा कारागीर म्हणाला, “मास्तर, एवढ्यातेवढ्याने काय बिघडतं?” की मामांचं उत्तर ठरलेलं : “अर्ध्या इंचाने साहेबसुद्धा शिपाई दिसायला लागतो.”

दुसऱ्याच्या अंगाचं माप त्यांच्या डोळ्यांतच होतं. माणूस दारातून आत येईपर्यंत हे पुटपुटायचे, “छाती चाळीस, डावा खांदा उतरता, पोट लपवतोय.” टेप नंतर लावायचे, तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

स्वतःच्या पायाचं माप मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं होतं, वयाच्या बाविसाव्या वर्षी. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. थोरले मालक त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाले, “गिऱ्हाईक आधी तुझे बूट बघतं, मग तू कापलेला कोट.” मामा तडक जाऊन काळे, निमुळत्या टोकाचे, लेसचे बूट घेऊन आले. नंबर आठ. त्यानंतर बूट झिजले, फाटले, नवे आले. नंबर तोच राहिला. बूटवाल्याने विचारायच्या आत मामा “आठ” म्हणून मोकळे व्हायचे. आपला पाय वाढला असेल, पसरला असेल, ही शंकाही त्यांना कधी शिवली नाही.

नवे बूट आले की घरात आठवडाभर दुखवटा असायचा. मामा दातावर दात ठेवून घालायचे आणि घरी येताच दारातच काढायचे. टाचेची साल निघालेली, करंगळी लाल. मामी कोमट पाण्याचं घमेलं तयारच ठेवायची. “अहो, एक नंबर मोठे घ्या की,” ती दर वेळी म्हणायची. मामा म्हणायचे, “नवा बूट चावतोच. आठ दिवसांत तोच सैल होतो. चामडं आहे ते, लोखंड नाही.” जेवण झालं की मामी त्यांचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसायची. त्या वेळी मामांच्या तोंडावर जी शांतता यायची तशी मी दुसऱ्या कुठल्याच वेळी पाहिली नाही.

मी त्यांची थोरली भाची. शाळेत भूगोल शिकवते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले की मला त्या पायांची जरा भीतीच वाटायची. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलेला, अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं, दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. तळव्याला टणक कुरूप. मामा ते मला दाखवून म्हणायचे, “एवढ्या देखण्या माणसात कुरूप काय ते हे एवढंच!” आणि स्वतःच हसायचे. देखणे ते होतेच. पण आम्ही सगळे कुठे फिरायला निघालो की मामा म्हणणार, “तुम्ही जा, मी सामानाकडे बघतो.” टेकडी असो, तलाव असो, प्रदर्शन असो. सामान नसलं तरी बघतो म्हणायचे. आम्हाला वाटायचं, मामांना गर्दी आवडत नाही.

साठीच्या आसपास त्यांना मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली, पण पायांकडे बघायला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मामांनी ऐकलं नाही. आणि मग एक गंमत झाली. निदान आम्ही तेव्हा तिला गंमतच समजलो. पाय दुखायचे थांबले.

मामा भेटेल त्याला सांगत सुटले. “बघ, चाळीस वर्षांनी का होईना, बूट शरण आले!” नवे बूट घेतले, तेही चावले नाहीत. घमेलं माळ्यावर गेलं. मामी मला फोनवर म्हणाली, “आता चेपू का विचारलं तर नको म्हणतात. बरं आहे बाई, सुटले एकदाचे.” पण तिच्या आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता. रोजचं काम हातातून गेल्यावर वाटतं तसं तिला वाटत असावं, असं मला वाटलं. मीसुद्धा शिकलेली बाई. चाळीस वर्षांचं दुखणं एकाएकी का थांबलं, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नाही.

सहा-आठ महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी मामा घरी आले, दारात बूट काढले आणि आत जाऊन खुर्चीत बसले. मामी चहा घेऊन येत होती, तर फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत लाल ठिपके. एका आड एक, फक्त उजव्या पायाचे.

“अहो, पायाला काय लागलंय?”

“कुठे काय?”

मामीने मोजा ओढला तर तो निघेना. पाण्याने भिजवून काढावा लागला. करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला, टाचणीचं डोकं दिसत होतं. बाकी सगळी टाचणी आत. शिंप्याची, बारीक, लोखंडी टाचणी. दुकानात दिवसभर त्या जमिनीवर सांडलेल्याच असतात. त्या दिवशी घातलेल्या जुन्या बुटाचा सोल झिजून पातळ झाला होता, त्यातून ती शिरली. आणि त्यावर मामा किती वेळ उभे होते, कोण जाणे. सकाळपासूनही असतील. मामीने ती चिमट्याने उपसली तेव्हा ते तिच्याकडे बघत बसले होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या पायातून निघतेय.

मामीने मला बोलावून घेतलं. मी पोचले तर मामा हसत होते. “एवढीशी टाचणी, आणि घर डोक्यावर घेतलंय हिने. मला तर काही लागलंच नाही!”

“त्याचीच भीती वाटतेय मला,” मामी म्हणाली. माझ्याआधी, डॉक्टरांच्याही आधी, हे तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे पायांची तपासणी करणारी एक नर्स होती, पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली. सगळे तिला ताई म्हणत. तिने मामांना पलंगावर आडवं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तिच्या हातात नायलॉनचा एक ताठ, केसापेक्षा जरासा जाड धागा होता. “या धाग्याचं टोक लागलं की ‘लागलं’ म्हणायचं.”

तिने अंगठ्याला धागा टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला. मामा गप्प. मग चवडा, मग मधला भाग, मग टाच. एका पायावर दहा जागा झाल्या. मग दुसरा पाय. मामा दोनदा “लागलं” म्हणाले, दोन्ही वेळा टाचेपाशी. शेवटी बराच वेळ कुणी काही बोलेना, तेव्हा ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “ताई, उरलेलं कधी करताय?”

“झालं, मास्तर,” ती हळूच म्हणाली. “उघडा डोळे.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून त्यांना जे कळायचं ते कळलं. परतताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले : “म्हणजे पाय बरे झाले नव्हते तर.”

साखरेने पाय बधिर झाले होते आणि जखम आतून चिघळली होती. चार दिवसांत करंगळी काळवंडली आणि डॉक्टरांनी ती काढली. पाऊल वाचलं हेच नशीब, असं ते म्हणाले. त्यानंतर अकरा आठवडे मामा घरात, पाय स्टुलावर. ज्या माणसाने दिवसाला शंभर फेऱ्या मारल्या त्याला बाथरूमलासुद्धा काठी घेऊन टाचेवर जायचं. ते चिडचिडे झाले. पेपरातल्या जाहिरातींमधल्या माणसांच्या कोटांना नावं ठेवायचे. ‘पगार घेऊन गाढवं कापड कापतात’ वगैरे. मामी सगळं ऐकून घ्यायची आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाय उजेडात धरून, बोटांच्या बेचक्यांसकट बघायची. ताईने तिला तसं शिकवलं होतं.

जखम भरत आली तेव्हा ताई म्हणाली, “मास्तर, पुढच्या वेळी संध्याकाळचे या. आणि रोजचे बूट घेऊन या.”

“संध्याकाळचे का?”

“दिवसभरात पाय फुगतो. सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी खोटं पडतं.”

आम्ही पाच वाजता गेलो. ताईने जमिनीवर मोठा कागद पसरला, मामांना खुर्चीवर बसवलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवायला लागली. मामांच्यातला मास्तर जागा झाला. “थांबा, थांबा. हे काय चाललंय? उभ्याने घ्या माप. बसलेल्या माणसाचं माप घेऊन कुणी पँट कापतं का? वजन पडलं की पाऊल पसरणार!”

ताई हसली. “बरोबर बोललात. मी तुम्हाला उभं करणारच होते. पण मला एक सांगा, एवढं कळतं तर गेल्या चाळीस वर्षांत स्वतःचं माप कधी घेतलंत?”

मामा काठीच्या आधाराने उभे राहिले. दोन्ही पावलं आखून झाली. मग त्यांनी ताईकडची कात्री मागितली आणि खुर्चीत बसून दोन्ही पावलं कापून काढली. एका झटक्यात, कड कुठेही न अडखळता. तीन महिन्यांनी हातात कात्री आली होती. ताई बघतच राहिली.

मग त्यांनी कागदी पावलावर आपला आठ नंबरचा बूट ठेवला.

कागद दोन्ही बाजूंनी बाहेर आला. पुढूनही आला. मामांनी खिशातून टेप काढला. (आजारपणातही टेप खिशात असायचाच.) चवड्यापाशी पाऊण इंच जास्त. लांबीला अर्धा. शिवाय डावं पाऊल उजव्यापेक्षा मोठं. त्यांनी दोनदा मोजलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून हाताने सारखा करत बसले.

“एवढ्या कमी मापाचा कोट मी कुणाला घातला असता,” ते शेवटी म्हणाले, “तर त्याने तो माझ्या तोंडावर फेकला असता. आणि बरोबर केलं असतं.”

ताईने नवे बूट कसे बघायचे ते सांगितलं. तिच्या बोलण्यात उपदेश कमी आणि व्यवहार जास्त होता, म्हणून मामांना ते पटलं असावं. पुढचा भाग रुंद आणि जरा उंच हवा. बोटं आत पसरता आली पाहिजेत. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जिथे पाऊल वाकतं तिथेच बूट वाकला पाहिजे, मध्येच नाही. टाच घट्ट, लेस हवीच. आतून हात फिरवायचा, शिवण टोचता कामा नये. मोठ्या पायाचं माप धरायचं. आणि मुख्य म्हणजे, “आरामशीर वाटतंय का, हे तुमच्या पायाला विचारू नका, मास्तर. तो आता साक्ष देणार नाही. कागदाला विचारा.”

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं बूट आणायला निघालो. मामांच्या हातात काठी, खिशात घडी न घालता गुंडाळून ठेवलेली कागदी पावलं.

पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने चकचकीत टोकदार जोड पुढे केला. मामांनी कागद आत सरकवला, तो चुरगळला. बूट परत. दुसरा जोड. कागद चुरगळला. विक्रेता वैतागला. “काका, कागद घालून कुणी बूट घेतं का? आठ दिवस वापरा, आपोआप सैल होतात. चामडं आहे.”

मी मामांकडे बघायचं टाळलं. मामा अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाळ, हेच मी एकेचाळीस वर्षं म्हणत होतो. त्यात माझी करंगळी गेली.”

तो पोरगेला विक्रेता गोंधळला आणि त्याने आम्हाला पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे पाठवलं. म्हाताऱ्याने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, “कापलाय कुणी?” विचारलं, आणि “मी” ऐकल्यावर आदराने मान हलवली. मग मागून तीन खोकी आणली. तिसऱ्यातल्या बुटात कागद सुरकुती न पडता जाऊन बसला. दहा नंबर, रुंद. काळे, लेसचे, गोल टोकाचे. मामांनी ते घातले, आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

“या होड्या आहेत,” ते म्हणाले.

“मामा, काही वाईट दिसत नाहीत.”

“तुला काय कळतं? बारीक पँटखाली या होड्या घालून मी गिऱ्हाइकासमोर उभा राहू? बदक दिसेन.” आणि आम्ही हात हलवत परत आलो.

सोमवारी ते कामावर जाणार होते. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर मामा दारात बसून जुन्या आठ नंबरच्या बुटांना पॉलिश करत होते. सोल नवा लावून आणला होता. “एक महिना घालतो,” ते माझी नजर चुकवत म्हणाले. “मग बघू.”

मामी स्वयंपाकघरातून आली. ती मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांतली नव्हे. तिने त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“तुमचे हे पाय मी पस्तीस वर्षं चेपले,” ती म्हणाली. “कुठलं हाड कुठे आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. दवाखान्यात एक बोट काढलं तेव्हा तुम्ही झोपेत होतात. मी बाहेर बाकावर जागी होते. या पायांवर तुमच्याइतकाच माझाही हक्क आहे. तो वापरून मी आज सांगतेय. हे बूट घरात राहणार नाहीत.”

मामी उठली, बूट एका पिशवीत घातले आणि पिशवी घेऊन जिना उतरली. त्यांचं काय केलं ते तिने कधीच सांगितलं नाही. मामा नुसत्या मोज्यांनिशी बसून राहिले. पाचेक मिनिटांनी माझ्याकडे बघून म्हणाले, “तो म्हातारा रविवारी उघडा असतो का गं?”

उघडा होता.

सोमवारी मामा होड्या घालून दुकानात गेले. संध्याकाळी मी मुद्दाम फोन केला. “कुणी काही म्हणालं?”

“कोणी बघितलंच नाही!” त्यांच्या आवाजात सुटका होती आणि थोडा अपमानही. “सबंध दिवसात एकसुद्धा माणूस खाली बघेना. थोरल्या मालकांनी उगाच घाबरवलं होतं मला.”

धाकट्या मालकांनी टेबलापाशी जाड रबराची चटई टाकली आणि एक उंच स्टूल आणून ठेवलं. स्टुलावर बसायला मामांनी महिनाभर नकार दिला, मग खडूने आखणी तेवढी बसून करायला लागले. रेघा सरळच येत होत्या. दोन जोड आलटून पालटून घालायचे, आणि घालण्याआधी प्रत्येक बूट उलटा करून झटकायचा, आत हात घालून बघायचा. दुकानातले सगळे कारागीर हळूहळू तसं करायला लागले. टाचण्या वेचायला मामांनी एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलं होतं.

त्यांचा स्वभाव मात्र थोडा बदलला, आणि तो सगळ्यांनाच रुचला असं नाही. पँटची उंची बघायला गिऱ्हाईक बूट काढून उभं राहिलं की मामांची नजर पावलांवर. “साहेब, कितीचा बूट?” “तुमचं चवड्याचं माप रुंद आहे.” “हा लाल डाग कधीपासून?” काही जण हसायचे, काही चिडायचे. एक वकील तर म्हणाले, “मास्तर, तुम्ही गुडघ्याच्या वरचं बघा.” पण एका हॉटेलातला वेटर, जो दर वर्षी दोन काळ्या पँट शिवून घ्यायचा, त्याला मामांनी हाताला धरून ताईकडे नेलं. त्याच्या टाचेला पडलेली भेग दोन महिने भरत नव्हती. त्याची साखर दवाखान्यात मोजली तेव्हा ती किती निघाली ते ऐकून मामा त्या रात्री जेवले नाहीत. तो वेटर आजही कामावर आहे.

मामांनी आणखी साडेतीन वर्षं काम केलं आणि मग स्वतःहून थांबले. गेल्या महिन्यात ते आणि मामी सकाळीच माझ्या दारात उभे. दोघं चालत आले होते. त्यांच्या घरापासून माझं घर चांगलं अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे, मध्ये चढ आहे, आणि आमचा मजला तिसरा. मामी दाराला टेकून धापा टाकत होती. मामा तिच्यासाठी पाणी मागत होते.

मी विचारलं, “पाय कसे आहेत, मामा?”

“कळत नाही गं,” ते खुर्चीत बसून लेस सोडत म्हणाले. “बधिर झालेलं परत येत नाही म्हणाली ताई, आणि नाहीच आलं. कधी कधी वाटतं, एकदा तरी चावला पाहिजे बूट. ओरडावंसं वाटतं ना, ते सुख होतं.” मोजे काढून त्यांनी पाऊल खिडकीकडे केलं. मामीने पाण्याचा पेला खाली ठेवला, चष्मा लावला आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून बघितल्या.

“ठीक आहे,” ती म्हणाली. मग मी चहा टाकला.